पितळेची अंगठी आणि पाटीवरचे नाव

इंग्रजी सिनेमा म्हटला की आपल्या घरातली बायामाणसे उठून चुलीकडे जातात. भाषा कळत नाही आणि पडद्यावर कधी काय दिसेल याचा भरवसा नाही, अशी त्यांची समजूत. ती अगदीच चुकीची आहे असेही नाही. पण आज ज्या सिनेमाविषयी लिहिणार आहे तो बाप-लेक, सासू-सून, भाऊ-बहीण यांनी एकाच सतरंजीवर बसून पाहावा असा आहे. त्याचे नाव ‘हॉब्सन्स चॉइस’. साल १९५४. रंग नाहीत, मारामारी नाही. गोष्ट आहे एका चपला-बुटांच्या दुकानाची, एका दारुड्या बापाची आणि लग्नाचे वय उलटले म्हणून बाजूला ठेवलेल्या त्याच्या थोरल्या मुलीची.

गेल्या मे महिन्यात तुडीलला आमच्या घरी तो पाहिला. ऑफिसातल्या एका मित्राने पेनड्राइव्हवर दिला होता. आमची आक्का चार दिवस माहेरी आली होती. मुलाचा लॅपटॉप ओटीवर ठेवला, सौभाग्यवती, दोन्ही मुले आणि आक्का अशी मंडळी बसली. मी मधे मधे थांबवून मराठीत सांगत होतो. पावणेदोन तासांचा सिनेमा संपायला तीन तास लागले. पण कोणी उठले नाही.

आधी नावाचा अर्थ सांगतो. इंग्लंडात केंब्रिज गावी थॉमस हॉब्सन नावाचा एक इसम घोडे भाड्याने देत असे. तो १६३१ साली वारला. त्याच्या तबेल्यात घोडे पुष्कळ, पण गिऱ्हाइकाला निवड नसे. दाराजवळ जो उभा असेल तो घ्यायचा, नाहीतर चालू लागायचे. तेव्हापासून ज्या ठिकाणी निवड आहे असे म्हणतात पण प्रत्यक्षात नसते, त्याला तिकडे ‘हॉब्सनची निवड’ म्हणतात. आपल्याकडे मुलीला विचारतात ना, ‘स्थळ पसंत आहे ना गं?’ आणि पाहुणे आधीच सुपारी फोडून बसलेले असतात. तोच प्रकार.

सिनेमा काढला डेव्हिड लीन यांनी. पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ आणि ‘अ पॅसेज टू इंडिया’ यांसारखे मोठे सिनेमे काढणारा हाच दिग्दर्शक. मूळचे हे नाटक हॅरॉल्ड ब्रिगहाउस या लेखकाचे, पहिल्या महायुद्धाच्या काळातले. हा लेखक मँचेस्टरलगतच्या सॅल्फर्ड भागातलाच, आणि गोष्टही सॅल्फर्डमधलीच, १८८० च्या सुमाराची. मँचेस्टर म्हणजे कापडगिरण्यांचे शहर. मुंबईच्या गिरण्यांत खपलेल्या आपल्या महाड-पोलादपूरच्या माणसांना ते धुराडे, तो पाऊस, ती काळवंडलेली घरे पाहून लालबाग-परळ आठवल्याशिवाय राहणार नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात १९५४ साली या सिनेमाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

आता गोष्ट. हेन्री हॉब्सन हा विधुर. बुटांचे मोठे दुकान. चार्ल्स लॉटन या नटाने हे काम असे केले आहे की राग येतो आणि हसूही आवरत नाही. दुकान चालवतात त्याच्या तीन मुली. थोरली मॅगी, मधली ॲलिस, धाकटी व्हिकी. तिघींनाही पगार नाही. बाप सकाळी उठतो, मुलींना चार शब्द ऐकवतो आणि समोरच्या गुत्त्यात जाऊन मित्रांबरोबर बसतो. संध्याकाळी ठरलेल्या वेळी जेवण गरम पाहिजे. अशी माणसे ओळखीची वाटली तर नवल नाही.

धाकट्या दोघींची लग्ने करावीत असे बापाच्या मनात येते. मॅगीचे नाव निघते तेव्हा तो मोठ्याने हसतो. ती तीस वर्षांची झाली, आता तिला कोण करणार? पण वय हे निमित्त. खरी गोष्ट तो स्वतःच बोलून जातो, की मॅगी दुकानात फार उपयोगाची आहे. मग गुत्त्यातला मित्र सांगतो की मुलींची लग्ने करायची तर बापाने रोख रक्कमही द्यावी लागते. झाले! हॉब्सनला धाकट्यांच्या लग्नाचाही विसर पडतो. म्हणजे हुंडा आपल्याच देशात आहे असे नाही. साहेबाच्या देशातल्या मध्यमवर्गातही मुलीबरोबर पैसे मोजावे लागत होते. आपण मात्र साहेबाचे चांगले तेवढे शिकायचे सोडून हेच धरून बसलो.

या दुकानाच्या जमिनीत एक झडप आहे. झडपेखाली तळघर, आणि तळघरात बसून बूट शिवणारा विली मॉसॉप. लिहिता-वाचता जेमतेम येते. कोणी हाक मारली की झडप उघडून डोके वर काढतो आणि बोलणे संपले की पुन्हा खाली. जॉन मिल्स या नटाने हे काम केले आहे. एके दिवशी मिसेस हेपवर्थ नावाची श्रीमंत बाई गाडीतून येते आणि आपल्या पायातले बूट कोणी शिवले असे विचारते. सगळे घाबरतात, तक्रारच असणार. विलीला वर बोलावतात. तो बिचारा मार चुकवावा तसा अंग चोरून उभा. बाई म्हणते की असा बूट मी आजवर पायात घातला नाही, आणि आपला पत्ता छापलेले कार्ड त्याच्या हातात देते. ते कार्ड त्याला धड वाचताही येत नाही.

इथे मी सिनेमा थांबवला. मुलांना म्हटले, नीट बघा. कला या माणसाच्या बोटांत आहे, पण तो जमिनीखाली आहे. वर दुकानावर नाव दुसऱ्याचे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या आज्या-पणज्यांनी साच्यावर कापड काढले, ताग्यावर छाप मात्र मालकाचा. कुठलाही धंदा घ्या, झडपेखालचा माणूस सापडतोच.

मॅगीने मात्र तो ओळखलेला असतो. मिसेस हेपवर्थ गेल्यावर ती त्याला सरळ सांगते, की तुझे हात आणि माझे डोके एकत्र आले तर चांगला धंदा उभा राहील, तर तू माझ्याशी लग्न कर. विलीची बोलती बंद! घर भाड्याने देणाऱ्या बाईच्या मुलीशी त्याचे आधीच ठरले आहे, तेही त्याच्या मर्जीने नव्हे, त्या दोघींच्या जोरावर. मॅगी तिथे जाऊन ते प्रकरण मिटवते. आमच्याकडे या प्रसंगाला सगळ्यात जास्त हशा झाला. पुरुषाला दाखवायला नेल्यासारखी त्या गरीब विलीची अवस्था होते. आपल्या मुलींना चहाचा ट्रे घेऊन पाहुण्यांसमोर बसताना काय वाटत असेल ते तिथे उलट्या बाजूने दिसते.

बापाला कळते तेव्हा तो कमरेचा पट्टा काढून विलीला मारतो. तोवर मॅगीला घाबरणारा विली तिथे पहिल्यांदा ताठ उभा राहतो, आणि दोघे दुकान सोडून निघतात. भांडवल नाही. मॅगी मिसेस हेपवर्थकडून शंभर पौंड उसने घेते, वीस टक्के व्याजाने. एका तळघरात दुकान आणि तिथेच बिऱ्हाड. बापाच्या माळ्यावर टाकून दिलेल्या मोडक्या खुर्च्या उचलून आणून संसार मांडतात. ‘मुंबईचा जावई’ हा १९७० सालचा मराठी सिनेमा आपल्यापैकी जुन्या लोकांनी पाहिला असेल. चाळीतल्या एका खोलीत नव्या जोडप्याला चार शब्द बोलायला जागा मिळत नाही, त्याची ती गंमत. या जोडप्याला निदान आपले तळघर तरी मिळाले, असे आमची सौभाग्यवती म्हणाली. तीही चाळीत लहानाची मोठी झालेली आहे.

लग्न कसे, तर अगदी साधे. अंगठी सोन्याची नाही. बापाच्या दुकानातल्या मालातली पितळेची अंगठी, तीही फुकट उचललेली नाही, किंमत मोजून घेतलेली. धाकट्या बहिणी नाक मुरडतात. लग्नाच्या रात्री पाहुणे गेल्यावर मॅगी काय करते? पाटी काढते आणि नवऱ्याला कित्ता गिरवायला बसवते. रोजचा धडा चुकता कामा नये! धडा संपला तरी विली शेकोटीजवळ घुटमळतो, एकेक करून कॉलर काढतो, बाह्यांचे कफ काढतो, धीर गोळा करतो. एकही शब्द न बोलता जॉन मिल्सने तो सगळा प्रसंग रंगवला आहे, आणि त्यात अश्लील असे काही नाही.

आता विचार करा. आपल्याकडे आज लग्नात काय चालले आहे? विधी साधा, पांढऱ्या वस्त्रांतला, अर्ध्या तासात होतो. पण त्याच्या आदल्या रात्री हळदीला डीजे, मटण आणि बाटल्या. पतपेढीचे कर्ज काढून, दागिने गहाण टाकून. कर्ज फेडता फेडता पहिले मूल शाळेत जाऊ लागते. मॅगी-विलीनेही कर्ज काढले, पण ते दुकानासाठी. त्यांनी लग्नावर खर्चले ते पितळेच्या अंगठीपुरते. वर्षभरात ते व्याजासकट फेडतात. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, म्हणून सांगतो. कर्ज दोन प्रकारचे असते. एक माणसाला उभे करते, दुसरे बसवते. हे शिकायला बीकॉम व्हावे लागत नाही, हा सिनेमा पुरे.

मधल्या भागात बापाची फजिती आहे. एका रात्री हॉब्सन झिंगून गुत्त्यातून निघतो. रस्त्यावर पावसाची डबकी आणि डबक्यांत चंद्र. चंद्राला पकडायला तो या डबक्यातून त्या डबक्याकडे जातो, आणि शेवटी एका धान्यवाल्याच्या तळघरात पोत्यांवर जाऊन पडतो. लहान मुले पोट धरून हसतात. पण हा धान्यवाला व्हिकीच्या होणाऱ्या नवऱ्याचा बाप निघतो, आणि ॲलिसचा होणारा नवरा वकील. मॅगी डोके लढवते. बापावर दुसऱ्याच्या जागेत शिरल्याची फिर्याद होते. अब्रू जाईल या भीतीने बाप पाचशे पौंड देऊन प्रकरण मिटवतो, आणि त्याच पैशांत दोन्ही बहिणींची लग्ने होतात. ज्या बापाने मुलींना वर्षानुवर्षे फुकट राबवले त्याच्याकडून मुलींनी केलेली ही वसुली म्हणायची.

शेवटी दारू बापाला खाते. त्याला भलतेसलते प्राणी दिसू लागतात. डॉक्टर सांगतो, दारू बंद आणि घरात कोणीतरी लक्ष देणारे पाहिजे. लग्न होऊन वर चढलेल्या ॲलिस आणि व्हिकी काखा वर करतात. मॅगी यायला तयार होते, पण अटी विली घालतो. हाच तो झडपेतून डोके काढणारा विली! आता अंगावर चांगला कोट, हातात हिशेबाची ताकद. तो सासऱ्याला सांगतो की मी येईन तर भागीदार म्हणून, आणि दुकानाच्या पाटीवर नाव माझे. घासाघीस होऊन पाटी ठरते, ‘मॉसॉप अँड हॉब्सन’. नोकराचे नाव आधी, मालकाचे नंतर. विली बायकोला म्हणतो, आता पैसा आहे, ती पितळेची अंगठी काढू, सोन्याची घेऊ. मॅगी नाही म्हणते. आपण कुठून निघालो ते विसरू नये म्हणून ती पितळेचीच ठेवते.

ब्रेंडा डी बॅन्झी या नटीने मॅगी उभी केली आहे. ती सुंदर बाहुली दिसत नाही, कामाची बाई दिसते. नवऱ्याला ती शिकवते, पण त्याला पायाखाली ठेवण्यासाठी नव्हे. तो एके दिवशी तिच्यासमोरही ताठ बोलतो तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो पाहण्यासारखा आहे. १९४२ च्या जुलैत नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या भगिनींना हेच सांगितले होते, की लग्नाची घाई करू नका आणि लग्न झाल्यावर नवऱ्याची मैत्रीण, बरोबरीची होऊन राहा, दासी होऊ नका. त्या परिषदेला आलेल्या बहुतेक बायांना अक्षरओळख नव्हती. पण ही गोष्ट त्यांना कळली असणार. आपण शिकलेल्यांना किती कळली हा प्रश्न आहे.

आणि इथेच मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे. सिनेमा संपला. सगळे खूश होते. आक्काने विचारले, ‘काय रे, पाटीवर काय नाव लिव्हलं म्हणालास?’ मी सांगितले, विलीचे आणि बापाचे. ती म्हणाली, ‘आणि तिचं?’

मी सिनेमा ऐन कौतुकाने दाखवत होतो, पण हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. डोके मॅगीचे, कर्ज तिने काढलेले, दुकान तिने उभे केलेले, नवऱ्याला अक्षर तिने शिकवलेले. पाटीवर दोन पुरुष. मी म्हटले, ‘मॉसॉप म्हणजे तिचंही आलं की. नवऱ्याचं आडनाव.’ आक्का म्हणाली, ‘असं व्हय,’ आणि पदर खोचून भाकऱ्यांना गेली.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चौथी झाल्यावर तिची शाळा सुटली. आमची आई आजारी असायची. भाताची लावणी, कापणी, शेळ्या, दोन भावांचे जेवणखाण सगळे तिच्यावर. मी महाडला कॉलेजात होतो तेव्हा ती लाकडाच्या मोळ्या विकायची. दुसऱ्या वर्षाची माझी परीक्षा फी एका शेळीवर भरली गेली, आणि ती शेळी तिने वाढवलेली होती. तिला स्थळे येत होती. ‘अजून जरा थांबू’ असे बाबा म्हणायचे. पुढे ‘आता वय झालं’ असे म्हणू लागले. तेहतिसाव्या वर्षी पोलादपूरकडच्या एका गवंड्याशी तिचे लग्न झाले. माणूस चांगला मिळाला, संसार सुखाचा आहे. पण तोवर आमच्या घरातली मॅगी तीच होती. आम्ही दोघे भाऊ आणि बाबा मिळून हॉब्सन होतो.

बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. घर आणि थोडी भातजमीन त्यांच्या नावावर आहे. त्या मे महिन्यात मी आक्काला माहेरी बोलावले ते नुसते आंबे खायला नव्हे. माझ्या बॅगेत हक्कसोडपत्र तयार होते, टाइप केलेले. दादा मुंबईहून फोन करत होता, की तिची सही घेऊन टाक, बहिणी देतातच. मीही तसेच समजत होतो. सिनेमा दाखवून सगळे खुशीत असताना कागद काढायचा असा माझा बेत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

ज्या कायद्याने मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा दिला त्याचा पाया घालण्यासाठी बाबासाहेब हिंदू कोड बिलावर झटले आणि ते रखडले तेव्हा १९५१ साली त्यांनी मंत्रिपद सोडले. पुढे १९५६ चा वारसा कायदा आला. तो आपल्या बौद्ध कुटुंबांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित मिळकतीत मुलीला जन्मापासून मुलाइतका हक्क दिला, आणि सुप्रीम कोर्टाने २०२० साली स्पष्ट केले की त्यासाठी २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही. मॅगीच्या इंग्लंडात विवाहित बाईला आपली मिळकत पूर्णपणे आपल्या नावावर ठेवण्याचा हक्क १८८२ च्या कायद्याने मिळाला. हे सगळे मला तोंडपाठ आहे. दरवर्षी जयंतीच्या भाषणात सांगतो. आणि त्याच तोंडाने मी बहिणीला सही मागणार होतो.

त्या रात्री कागद बॅगेतून काढला नाही. सकाळी आक्काला सगळे सांगितले. ती आधी म्हणाली, ‘मला काय करायचीय जमीन, तुम्ही सुखी राहा.’ बहिणी असेच म्हणतात. म्हणून तर आपले फावते. मी म्हटले, तुला ती नको असेल तर तुझ्या नावावर आल्यावर तू काय ते ठरव. आमच्या दोघांच्या सांगण्यावरून नको. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘सातबाऱ्यावर माझं नाव लागंल? आणि ते मला वाचता येईल?’ तिला चौथीपर्यंतची अक्षरे अजून लागतात. मी म्हटले, हो, मराठीतच असते.

वारसनोंदीचा अर्ज लिहून ठेवला आहे, तीन नावांचा. वयाने ती मोठी म्हणून पहिले नाव आक्काचे. दादा नाराज आहे. फोनवर म्हणाला, एक सिनेमा बघून कोणी जमीन वाटतं का? मी त्याला म्हटले, गणपतीच्या सुट्टीत गावी ये, सिनेमा तुलाही दाखवतो. आक्कालाही बोलावले आहे.

वाचकहो, हा सिनेमा कुठे मिळाला तर जरूर पाहा. दोन तास हसाल. फक्त एक करा. पाहायला बसताना ज्या बहिणीने तुम्हाला वाढवले तिला शेजारी बसवा, आणि संपल्यावर ती काय विचारते ते ऐका.